चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी गेलेल्यांनो, लिहा इथे

गिरणाकाठची:
काल सौंदाण्याजवळ धुळ्याकडचं एक पथक दिसलं. पुढे भगवा, मागे सामानाचा टेम्पो, त्यावर स्पीकर कोकलतोय आणि सगळ्यात शेवटी एक आजीबाई, डोक्यावर ओला टॉवेल, हातात चप्पल!! विचारलं चप्पल का काढली तर म्हणे फोड आलेत, अनवाणी बरं वाटतं. डांबर तापलेलं असताना. मला एकदम आमची आजी आठवली. आम्ही पायी निघायचो तेव्हा देवळा मागे पडलं की मी दर गावात विचारायचे गड किती राहिला, आणि दर गावात एकच उत्तर, "आते जोडेच शे", म्हणजे आता जवळच आहे. कळवण आलं तरी जोडेच शे, नांदुरी आली तरी जोडेच. तुम्हीही लिहा, चैत्रातले, कोजागिरीचे, कसलेही.

उन्हाळकांदा:
जोडेच शे 😂😂 आमचं घर त्याच रस्त्यावर आहे, आम्हीच सांगतो तसं. खरं सांगितलं तर माणूस तिथंच बसतो. चैत्रात आमच्याकडे कांदा काढणी चालू असते, शेतात बाया कांदा कापतायत आणि रस्त्यावरून अंबे माता की जय. वडील बांधावर ताकाची टाकी ठेवायचे. ताक पिऊन कोणी थांबायचं नाही, पण एक मावशी दरवर्षी थांबून आईला दोन पात्या कापू लागायच्या, तेवढेच पाय मोकळे होतात म्हणायच्या. पाय मोकळे? उकिडवं बसून??

चहाबाज:
मी फ्युनिक्युलर ट्रॉलीने गेलो. धागा माझा नाही. निघतो.

गिरणाकाठची:
@चहाबाज थांबा हो, 2018 ला ट्रॉली सुरू झाल्यापासून निम्मा महाराष्ट्र तसाच जातो. आईचे गुडघे गेलेत, तिला मीपण ट्रॉलीनेच नेते. पण मग त्या पाचेकशे पायऱ्या चढताना जे एकमेकांना ओढत नेणं असतं ते हुकतं.

सातमाळा_भटक्या:
पायऱ्या उमाबाई दाभाडेंनी बांधून घेतल्या असं सांगतात. आम्ही ट्रेकवाले, आधी समोरचा मार्कंडेय डोंगर केला, मग गड. तिकडून पाहिलं की कळतं देवी केवढ्या कड्याच्या पोटात बसलीय. मार्कंडेय ऋषी तिकडे सप्तशती वाचतात आणि ती इकडून कान देऊन ऐकते म्हणून मान कललेली, हे सगळ्यांना माहितीच असेल.

खणनारळ:
पायी गेलेल्याला गाभाऱ्यात किती वेळ मिळतो? "चला पुढे चला पुढे". तेवढ्यात अठरा हात मोजायचे की नवस बोलायचा. माझ्या सासूबाई मोजायच्या, दरवेळी वेगळा आकडा यायचा आणि त्यावरून सासऱ्यांशी कळवणपर्यंत भांडण. 2022 मध्ये शेंदराचा थर काढल्यावर पहिल्यांदा गेल्या तर बाहेर येऊन गप्पच. मग म्हणाल्या, तरुण दिसते गं. 11 वार साडी नेसवतात तिला, चोळीला 3 खण, आम्ही एकदा दिली होती.

धुळेकर_पुण्यात:
खान्देश हे देवीचं माहेर. माहेरची माणसं गाडीने जातील का, असं आमचे आबा म्हणायचे, आणि आबा स्वतः एसटीने जायचे 🙏 चतुर्दशीला शिखरावर ध्वज लागतो, दरेगावच्या गवळी घराण्याचा मान, रात्री त्या सुळक्यावर कसा चढतात देव जाणे. आम्ही पोरं रात्रभर मान वर करून बसायचो आणि नेमकी पहाटे डुलकी.

मीठपाणी:
फोडांसाठी: सुईत दोरा ओवून फोडातून पास करून दोरा तसाच सोडतात बरेच जण. मी नर्स आहे, कृपया करू नका, त्या वाटेवर त्यानेच पाय पिकलेले बघितलेत. मोजे जाड घाला, रोज धुतलेले. शुगरवाल्यांनी अनवाणी अजिबात नाही, देवी रागवत नाही.

उन्हाळकांदा:
@मीठपाणी ताई आमच्या ओट्यावर दर चैत्रात हेच ऑपरेशन चालतं, आता बोर्डच लावतो.

कोजागिरी_कावड:
आम्ही कोजागिरीला जातो, खांद्यावर कावड. पाणी सांडू द्यायचं नाही, जमिनीला टेकवायची नाही, त्यामुळे जेवताना कोणीतरी धरून उभा राहतो. माझ्या नशिबी नेहमी शेवभाजीच्या वेळेलाच धरायची पाळी. त्याच रात्री गडावर तृतीयपंथी मंडळी मोठ्या संख्येने येतात, काय नटून येतात! एकीने माझ्या खांद्यावरचा वळ बघून तिच्या पिशवीतलं बाम लावून दिलं, वर दम दिला की पुढच्या वर्षी गादी बांधून आण दांडीला.

चहाबाज:
परत आलो. शेवभाजी कुठं मिळाली ते सांगा.

कोजागिरी_कावड:
मालेगाव सोडल्यावर डाव्या हाताला एक ढाबा होता, आता आहे की नाही बघावं लागेल. तिखट झेपतं का पण?

खणनारळ:
@चहाबाज ट्रॉलीने जाणाऱ्याला नाही झेपणार 😄