अनुभव धागा : वर्गात कॉम्प्युटर, आणि मुलं आपापली शिकतात तेव्हा

1999 साली शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला वस्तीकडच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि मुलं कुणी न शिकवता तो चालवायला लागली, हे आपण ऐकलेलं असतं. घंटा, पोर्शन आणि परीक्षा सांभाळून हे वर्गात जमतं का? शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फसलेलंही लिहा. सुरुवात मी करते.

सातवीला वीज शिकवायची होती. चालू कॉम्प्युटर चार, मुलं सव्वीस. नेटचा भरवसा नाही, म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संचातलं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग, पेनड्राइव्हवर घरून नेलं. "दिवा पेटवा," एवढंच सांगितलं आणि मागे जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग एका गटाने दिवा न घेताच बॅटरीची दोन्ही टोकं वायरीने जोडली आणि पडद्यावर ज्वाळा निघाल्या. "बाई, जाळ झाला!" सगळा वर्ग तिकडे. मग प्रत्येकालाच जाळ काढायचा होता. एकीने मध्ये दिवा घातला, जाळ गेला. काढला, पुन्हा आला. तीनदा करून म्हणाली, "दिवा अडवतो, म्हणून जळत नाही. आमच्या घरचा फ्यूज असाच उडतो का?" 'रोध' हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. इतकी वर्षं आधी लिहीत आले होते.

*

आमच्याकडे माऊस कायम मुलग्यांच्या हातात, मुली मागून सांगणार. आता दर दहा मिनिटांनी हात बदलतो. घड्याळ मुलीच बघतात.

*

पालक म्हणून लिहितो. मुलाच्या शाळेत स्वयंअध्ययनाच्या तासाला 'जलप्रदूषण' असा विषय दिला आणि बाई दुसऱ्या वर्गावर गेल्या. मुलाने सात पानं छापून आणली, वाचलं एकही नव्हतं. राग मुलाचा नाही आला. त्याला प्रश्नच कुणी दिला नव्हता. "आपल्या नळाला पावसाळ्यातच गढूळ पाणी का येतं?" असं विचारल्यावर तो आपणहून पुन्हा शोधायला बसला.

*

मी नववीत होतो. जिओजेब्रा या भूमितीच्या प्रोग्राममध्ये त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत बसलो होतो. कसाही ओढा, कोनांची बेरीज 180. तिन्ही बिंदू एका रेषेत आणले तरी 180, 0, 0. मग बिंदू रेषेपलीकडे नेला आणि बेरीज एकदम 900! प्रोग्राम बिघडला म्हणून सरांकडे धावलो. सर म्हणाले, "का ते तूच सांग." दोन दिवस लागले. जिओजेब्रा आता तिन्ही कोन बाहेरच्या बाजूने मोजत होतं.