'अवयव पाडले' खोडून 'गुणनखंडन केले' केलंय, बरोबर का?

सड्यावरची: दिवाळी अंकासाठी मोठ्या संख्यांवरचा एक लेख भाषांतरित करतेय. मी लिहिलं, '२०२० साली २५० अंकी संख्येचे अवयव पाडले.' तपासणाऱ्यांनी खोडलं, पाडणं म्हणे बाळबोध वाटतं. शाळेपासून आपण अवयव पाडतच आलोय ना?

वेंगुर्ल्यातून: तुमचंच बरोबर. गुणनखंड हिंदी पुस्तकातला, आपल्यात 'मूळ अवयव पाडा' असंच.

बागायतवाला: मला पाडणंच खटकतं. हापूस कोणी पाडत नाही, देठासकट झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं काढतात, पडलेल्याला मार लागतो नि तो पेटीत जात नाही. आजोबांसमोर 'आंबे पाडले' म्हटलं की ते ओरडायचे, काढले म्हण! पाडतात ते नारळ, कोयती मारली की झालं. त्या २५० अंकी संख्येला प्रोसेसरच्या एका कोअरनं साधारण २७०० वर्षं खपावं एवढं काम लागलं, ते काय पाडणं? फोड म्हणा.

सड्यावरची: फोड बेरजेचीपण होते, मधल्या पदाची करतो ती. अवयव म्हटलं की गुणाकारच.

दापोलीकडचा: माझ्या मते पाडणे 'पाड' वरून, पाड लागला की आंबा पाडायचा. पाढेपण त्यातलेच.

वेंगुर्ल्यातून: नाही हो, पाढा 'पठ्' वरून, पाठ करायचा तो. पाडणे 'पत्' मधून.

दापोलीकडचा: पाढा सोडतो, पाड नाही सोडणार, कारण अर्थ चपखल बसतो. आंबा पाडाला आलाय हे खालून रंगावर कळतं, हाताला लागत नाही. तसंच, २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, म्हणजे तिला अवयव आहेत, हे गणिती ल्युकानं १८७६ लाच दाखवलं, पण अवयव फ्रँक कोलनं काढले १९०३ साली, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. २००२ मध्ये कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी मूळ आहे की नाही हे झटपट ठरवायची खात्रीची रीत दिली, तीसुद्धा अवयव हातात देत नाही. आपल्या साध्या कॉम्प्युटरला अवयवांसाठी तशी झटपट रीत अजून सापडलेली नाही, म्हणून तर त्यावर ऑनलाइन माहितीची सांकेतिक कुलपं बांधलीत.

बागायतवाला: बघा, तुम्हीपण 'काढले'च लिहिलंत.

मालवणी: रायवळ पाडतत ना, धोंडो मारून. झेलो हापूसाक.

दापोलीकडचा: झेलो? आमच्याकडं घळ म्हणतात.

सड्यावरची: अहो, अंक शुक्रवारी छपाईला जातोय...

बागायतवाला: घळ वेगळी, झेला वेगळा. फोटो टाकतो थांबा.