वरंधा घाट: वाघजाईजवळचा डोंगर रस्त्यासाठी फोडला का?

वाटसरू_पुणे:
कापूरहोळ-भोर-वरंधामार्गे महाडला जाऊन आलो. वाघजाईच्या देवळाजवळ, भज्यांच्या टपऱ्या आहेत तिथे, रस्ता दोन टेकाडांमधून जातो. ती खिंड नैसर्गिक की फोडलेली? आणि हा राज्यमार्गच ना?

बिरवाडीकर:
दादा, तो नुसता डोंगर नाही, कावळ्या किल्ला आहे. इंग्रजांच्या काळात गाडीरस्ता काढताना किल्ल्याच्या अंगातूनच वाट काढली, म्हणून गडाचे दोन तुकडे झाले. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला गड, आणि शेवटी वाट त्याच्याच पोटातून गेली! लोक भजी खातात, दरीचे फोटो काढतात आणि निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी टपऱ्यांच्या मागच्या बाजूला वर चढा. कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. काठावर शेवाळ असतं, जपून.

रस्ता महाड-पंढरपूर राज्यमार्ग म्हणून ओळखला जायचा. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग 965 डीडी म्हणतात. आमच्याकडे मात्र अजून 'भोरचा रस्ता'च. घाट उतरलात की माझेरी, मग वरंध, बिरवाडी आणि महाड. शिवथरघळीला जायचं तर घाट उतरल्यावर फाटा आहे.

भोरची_लेक:
भोरकडच्या बाजूचंही सांगते. हिर्डोशीच्या अलीकडे-पलीकडे रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून वळणं घेतो. धरणात या खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी गेल्या आहेत, हे पाणी बघताना ध्यानात असू द्या. भोरला थांबलात तर राजवाडा बघा. पंत सचिवांचं हे संस्थान 1948 साली विलीन झालं.

वाटसरू_पुणे:
ताई, पावसाळ्यात धबधबे बघायला यावं म्हणतो.

बिरवाडीकर:
नको दादा. दरडी कोसळतात, रस्त्याची कड खचते. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघतो, अवजड वाहनांना तर नक्कीच. मग आम्हालाही पुण्याला ताम्हिणीने वळसा घालून जावं लागतं. दवाखान्याचं काम असेल तर तो वळसा जीवावर येतो. तुम्ही दिवाळीनंतर या. दरीत तेव्हाही हिरवं असतं, टाक्यांत पाणी असतं. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा, वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.