पहिल्या वर्षाची ऑफेन्सिव्ह लाइन: सुधारणार की नाही, हे कशावरून ओळखायचं?

चौथा_डाऊन
अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमाने बघणाऱ्यांना प्रश्न. विषय ऑफेन्सिव्ह लाइन: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल, असे पाच जण, जे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवतात. समजा लेफ्ट टॅकल थेट हायस्कूलमधून आलेला, सेंटर रेडशर्ट फ्रेशमन (पहिलं वर्ष न खेळता राखून ठेवलेला) आणि राइट गार्ड पहिल्यांदाच स्टार्टर. पहिले चार-पाच सामने क्वार्टरबॅक सारखा आडवा. कॉमेंट्रीत "लाइन तरुण आहे, वेळ द्या" एवढंच ऐकू येतं. पण वेळ दिल्यावर नेमकं बदलतं काय? ताकद, पाय की डोकं? कुठल्या चुका मोसमातच जातात आणि कुठल्या पुढच्या वर्षापर्यंत राहतात? आणि बॉलच्या मागे न लागता स्क्रीनवर बघायचं कुठे?

किकस्लाइड
आधी सॅक, म्हणजे पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं, वेगवेगळे करा. सगळे लाइनच्या खात्यात टाकले तर हाती काही लागत नाही. शॉटगनमध्ये (बॉल लांबून घ्यायची मांडणी) क्वार्टरबॅक साधारण ५ यार्ड मागे उभा असतो आणि ड्रॉप, म्हणजे मागे घ्यायची पावलं, संपवून ७-८ यार्डांवर थांबतो. टॅकल त्या जागेची राखण करतो. त्याने एज रशरला (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा) त्या जागेच्या मागून वळसा घालायला लावला तर त्याचं काम झालं. क्वार्टरबॅकच बिचकून १० यार्डांपर्यंत मागे गेला, तर तो सॅक टॅकलचा नाही.

आता टॅकलच्या खऱ्या चुका. फ्रेशमनची ठरलेली चूक म्हणजे ओव्हरसेट. थर्ड अँड लाँग (तिसरा प्रयत्न आणि अंतर लांब), रशर बराच बाहेर उभा. पोराला वेगाची धास्ती, म्हणून पहिली किक (सरकण्याचं पाऊल) मागे जाण्याऐवजी बाजूला पडते, तीही लांब. वजन बाहेरच्या पायावर जातं, गार्डच्या बाजूला मोठी फट पडते. रशर दोन पावलं बाहेर टाकून आत वळतो आणि कुणी हातही लावायच्या आत क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो. पुढच्या खेळीत हाच टॅकल आतली फट राखायला जातो आणि बाहेरून मार खातो. लोकांना वाटतं दोन वेगळ्या चुका झाल्या. मूळ एकच, पहिल्या पावलाचा कोन. बाहेरचा पाय मागे, आतला त्याच्यामागे तेवढाच, पाय एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत, आणि नाक रशरच्या आतल्या खांद्यासमोर.

दुसरी चूक, कंबर लवकर उघडणं. खांदे जमेल तितका वेळ लाइन ऑफ स्क्रिमेजला (खेळी जिथून सुरू होते ती रेषा) समांतर हवेत. दुसऱ्याच पावलाला टॅकल साइडलाइनकडे तोंड करून उभा राहिला, की रशरला कोपरा जवळचा पडतो. तिसरी, झेपावणं. डोकं पायाच्या बोटांपुढे गेलं की रशर हात झटकून स्विम मूव्ह मारतो, म्हणजे पोहल्यासारखा हात वरून टाकून निसटतो. मग हरलेला टॅकल बाहेरून जर्सी पकडतो आणि होल्डिंगचा, म्हणजे पकडून धरल्याचा, १० यार्डांचा दंड लागतो. म्हणजे होल्डिंग हे लक्षण आहे. आजार पायात असतो.

हायस्कूलमध्ये हे चालून जातं, कारण समोरचा ३०-४० किलोंनी हलका असतो. एकदा हात लागला की विषय संपला. त्यामुळे पंच (हातांनी छातीवर दिलेला धक्का) कधी मारायचा, हे शिकायची गरजच पडलेली नसते.

मधली_फळी
वरच्याशी सहमत, पण सगळी चर्चा टॅकलवरच चालते याचं आश्चर्य वाटतं. तरुण लाइन जास्त फसते ती आत, स्टंटवर, म्हणजे दोन रशर वाटा अदलाबदल करतात तिथे. टॅकल-एंड स्टंट घ्या. समोरच्या टीमचा डिफेन्सिव्ह टॅकल गार्डला सोडून तिरपा बाहेर घुसतो, त्याच्या बाहेरचा डिफेन्सिव्ह एंड क्षणभर थांबून त्याच्या मागून आत वळतो. गार्डने आपल्या माणसाचा पिच्छा केला, तर तो स्वतःच्याच टॅकलवर आदळतो आणि एंडला मधला रस्ता मोकळा मिळतो. माणूस एकमेकांना सोपवायचा तर गार्ड आणि टॅकल रेषेपासून सारखेच मागे हवेत. टॅकल २ यार्ड मागे आणि गार्ड रेषेवरच, असं असेल तर अदलाबदल होऊच शकत नाही. कबड्डीतल्या साखळीसारखं आहे, हात एकाचा सुटतो आणि गुण सगळ्यांचा जातो.

यात ताकदीचा संबंध नाही. तेच पाच जण सलग खेळले की चार-सहा आठवड्यांत फरक दिसतो. म्हणून दर सामन्याला एखादा बदलणारा कोच पाहिला की मला काळजी वाटते. उजवीकडच्याला डावीकडे हलवणं तर आणखी वाईट: स्टान्स, किकचा पाय, आतला हात, सगळं उलटं होतं.

आणि सेंटर. माइक लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधला, ज्याला धरून कोण कुणाला अडवणार ते ठरतं) कोण, स्लाइड (लाइनने मिळून सरकणं) कुठल्या बाजूला, हे बहुतेक ठिकाणी तो ओरडून सांगतो. त्याने चुकीचा माइक धरला की ब्लिट्झ करणारा (मागून धावून आलेला जादा माणूस) मोकळा येतो आणि शिव्या रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, खातो. परक्या मैदानावर गोंगाटात सायलेंट काउंट असतो, म्हणजे ओरडण्याऐवजी खुणेवर खेळी सुरू करतात. बऱ्याच टीम्समध्ये गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण बघतो, सेंटरला थाप देतो, सेंटर डोकं हलवतो आणि ठरलेल्या ठोक्यानंतर स्नॅप करतो, म्हणजे बॉल मागे देतो. या साखळीत टॅकलला खबर सगळ्यात शेवटी. तो उशिरा उठतो किंवा अंदाजाने आधीच हलतो आणि ५ यार्डांचा फॉल्स स्टार्ट देऊन बसतो. "पोरगं घाबरलं" म्हणून सोडून देऊ नका. स्नॅपची लय बसलेली नसते.

रेडशर्ट_७२
शरीराबद्दल. मोसमात न सुटणारी गोष्ट म्हणजे अँकर, समोरच्याने ढकललं तरी जागेवर टिकणं. बुल रशमध्ये (रशर सरळ अंगावर ढकलत येतो तेव्हा) टॅकल किंवा गार्ड सरळ मागे क्वार्टरबॅकच्या मांडीत जाऊन बसतो ना, ते अँकर नसल्यामुळे. तंत्राचा भाग आहेच: कंबर खाली, हात आत, आणि धक्का बसला की दोन्ही पायांवर छोटी उडी मागे घेऊन पुन्हा रुतायचं. पण मांड्या आणि पाठ तयार नसेल तर तंत्र दुसऱ्या क्वार्टरपर्यंतच पुरतं. २६५-२७० पौंडांचा मुलगा ३०० च्या वर न्यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आठवड्याला अर्धा ते एक पौंड ही वाढ पचते. घाईत चढवलेलं वजन पोटावर बसतं, पाय जड होतात आणि आधी जमणारी किकही बिघडते.

रेडशर्टचा नियम याच कामी येतो. २०१८ पासून खेळाडू ४ सामन्यांपर्यंत खेळूनही पात्रतेचं ते वर्ष वाचवू शकतो. चांगले कोचिंग स्टाफ हे ४ सामने जपून वापरतात.

रन ब्लॉकिंग साधारणपणे आधी येतं, कारण तिथे लाइनमन पुढे जातो आणि समोरचा प्रतिसाद देतो. पास प्रोटेक्शनमध्ये उलट. रन चांगला आणि पास वाईट, अशी तरुण लाइन असेल तर निराश व्हायचं कारण नाही. दोन्ही वाईट असतील तर मात्र प्रश्न अंगाचा आहे, हिवाळ्यापर्यंत थांबा.

चौथा_डाऊन
मग मोसम चालू असताना कोचच्या हातात काय उरतं?

किकस्लाइड
वेळ फार कमी उरतो. कॉलेज खेळांची संस्था एनसीएए, तिची मर्यादा आठवड्याला २० तास, त्यात सामन्याचे ३ तास धरले जातात, शिवाय फिल्म आणि वेट्सही त्यातच. निव्वळ पायांच्या कामाला दिवसाला काही मिनिटंच मिळतात. त्यात हात पाठीमागे ठेवून मिरर ड्रिल करतात, म्हणजे पायांनीच समोर राहावं लागतं. पंचसाठी मुठीत टेनिस बॉल देतात, पकडताच येत नाही. खरी मोडतोड आणि बांधणी स्प्रिंगच्या १५ सरावांत होते.

तोवर खेळ्या बदलून झाकायचं. टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) किंवा रनिंग बॅक जाता जाता एज रशरला धक्का देतो, स्लाइड त्या टॅकलच्या बाजूला वळवतात, तीन पावलांचे पास, स्क्रीन (रशर पुढे आले की त्यांच्या मागे दिलेला छोटा पास), प्ले-अ‍ॅक्शन (रनचं नाटक करून पास). आरपीओ (रन की पास हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो अशा खेळ्या) जास्त वापरल्या तर नवी भानगड: कॉलेजमध्ये पास पुढे जायच्या आत लाइनमन ३ यार्डांपलीकडे गेलेला चालत नाही, आणि रन समजून धावणारा फ्रेशमन गार्ड हमखास पुढे जातो.

मधली_फळी
उदाहरणं हवीत तर अलाबामाचा केडिन प्रॉक्टर बघा. २०२३ मध्ये फ्रेशमन लेफ्ट टॅकल म्हणून सुरुवातीला फार मार खाल्ला. जानेवारी २०२४ मध्ये आयोवाला गेला, काही महिन्यांत परत आला आणि त्याच मोसमात बराच स्थिर दिसला. वजनाची त्याला कधीच कमी नव्हती. बदलले ते पाय आणि हात. नोत्र दामचा जो ऑल्ट २०२१ मध्ये दुखापतींमुळे फ्रेशमन असतानाच मोसमाच्या मध्यात लेफ्ट टॅकलला लागला, आणि २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम्सची खेळाडूंची निवड) पाचवा गेला. लेन जॉन्सन तर क्वार्टरबॅक, टाइट एंड, डिफेन्सिव्ह एंड असा फिरत ओक्लाहोमात टॅकल झाला. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथा.

पण सगळेच तिथे पोचत नाहीत. हात आखूड असलेला टॅकल कितीही शिकला तरी लांब हातांच्या रशरसमोर अडतो. त्याला गार्डला हलवणं हाच उपाय, आणि तो जितक्या लवकर तितका बरा.

रेडशर्ट_७२
स्क्रीनवर काय बघायचं ते राहिलंच. स्नॅपनंतर पहिली दोन सेकंद फक्त लेफ्ट टॅकल आणि लेफ्ट गार्ड बघा, बॉल विसरा. मागच्या कोनातून रिप्ले आला तर सोन्याहून पिवळं. आतून हरलेले, बाहेरून हरलेले, मागे ढकललेले आणि कुणीच न अडवलेले, असे चार रकाने करा. तिसऱ्या आणि आठव्या सामन्याची तुलना करा. चौथा रकाना रिकामा होत असेल आणि मागे ढकलले जाणारे तेवढेच राहिले असतील, तर लाइन बरोबर रस्त्यावर आहे. आठव्या सामन्यातही मोकळी माणसं येत असतील, तर सेंटर किंवा कोच, दोघांपैकी एक बदलायला झालाय.