रांझणातला कुंदन खरंच प्रेम करतो का? भावाला कसं समजावू?

मनमोकळी:
परवा मावसभावासोबत (17 वर्षांचा, बारावीला आहे) रांझणा पिक्चर परत बघितला. 2013 ला थेटरात बघितला तेव्हा मी हमसून हमसून रडले होते त्यामुळे मीच हौसेने लावला, पण या वेळी मला बसवेना. शाळकरी कुंदन रोज झोयाच्या मागे, थोबाडीत खाऊनही हटत नाही, मग तिच्यासमोर नस कापून घेतो आणि ती त्याला मिठी मारते, आणि हे सगळं असं दाखवलंय की आपल्याला वाटावं प्रेम जिंकलं. भाऊ म्हणतो, "ताई, खरं प्रेम असंच असतं, एवढं कोण करतं आजकाल." मला काही बोलताच आलं नाही. त्याला वर्गातली एक मुलगी आवडते आणि ती नाही म्हणालीये, म्हणून जास्त काळजी वाटतेय.

चहाबिस्किट:
मला वाटतं जास्त विचार करतेयस. पिक्चर कुठे म्हणतो कुंदन बरोबर आहे? त्याच्यामुळे झोयाचं लग्न मोडतं, तिच्या माणसाचा जीव जातो, शेवटी तो स्वतः पण मरतो. वेडेपणा दाखवला म्हणजे पाठ थोपटली असं नाही.

कोरा_कागद:
पाठ थोपटलीये हे बिंदियाकडे बघितलं की कळतं. तीही कुंदनवर एकतर्फीच प्रेम करते ना? पण तिचं प्रेम म्हणजे हसण्याचा विषय, तो तिला वाट्टेल तसं बोलतो आणि लोक हसतात. तेच त्याने केलं की शायरी. आणि मरतानाचं मनोगतही त्याचंच आहे, झोयाच्या मनात काय चाललंय ते कुणी ऐकवत नाही. 2025 ला तमिळ व्हर्जन परत रिलीज केलं तेव्हा तर एआय वापरून शेवटच बदलला, कुंदन डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद राय आणि कुंदन झालेला धनुष दोघांनीही त्याला विरोध केला, पण कुणाला तरी वाटलंच ना की हा जगला की शेवट गोड झाला. झोयासाठी तो गोड कसा?

रातराणी:
एफवायला असताना एका मुलाने ब्लेडने हातावर माझं नाव कोरलं होतं. मी आधी दोनदा स्पष्ट नाही सांगितलेलं. मैत्रिणी म्हणाल्या किती प्रेम करतोय बिचारा, एकदा भेट तरी. भेटले, कारण त्याने जिवाचं काही केलं तर माझ्यावर येईल ही भीती. मग दीड वर्ष तेच, फोन उचलला नाही की "बघच मी काय करतो ते". घरी सांगितलं असतं तर माझंच कॉलेज बंद झालं असतं. झोयाचं पण बघ, घरी कळल्यावर बनारसबाहेर कुणाला पाठवतात? तिलाच. त्या मिठीत मला प्रेम दिसतच नाही, रक्त बघून घाबरलेली पोरगी दिसते.

घाटावरचा:
पेपरवाले पण तेच करतात, "एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला". 2020 ला हिंगणघाटला प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं तेव्हाही हेच शब्द होते, यात प्रेम कुठे आहे? नको म्हटल्यावरही सारखं मागे लागणं हा गुन्हा आहे हे भावाला नक्की सांगा. 2013 च्या दुरुस्तीने दंड संहितेत 354-ड कलम आलं, आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे, पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच वर्षी जूनमध्ये हा पिक्चर आला.

चहाबिस्किट:
बिंदियाचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी पण तेव्हा हसलो होतो.

मनमोकळी:
रातराणी, तुझी कमेंट भावाला वाचायला दिली तर चालेल का?

रातराणी:
दे की. फक्त कलम वगैरे आधी काढू नकोस. त्याला नकार मिळालाय, त्याचं वाईट वाटणं खरंय, आधी त्यावर बोल त्याच्याशी, पिक्चरचं नंतर.

मनमोकळी:
रविवारी जेवायला येतोय. बोलते.