मदत हवी आहे : नगरसेवकपदाच्या उमेदवारांना घरांच्या प्रश्नावर कसे पारखावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही परळ भागात, पालिकेच्या मालकीच्या एका जुन्या चाळीत भाडेकरू आहोत. मुंबई महानगरपालिकेची निवडणूक 2017 नंतर प्रथमच, जानेवारी 2026 मध्ये, होत असल्यामुळे रोज दाराच्या फटीतून पत्रके आत येत आहेत आणि प्रत्येकात पुनर्विकासाचे आश्वासन आहे. एकावर तर ‘प्रत्येक चाळकऱ्याला 500 चौरस फुटांचे घर’ असे ठळक छापून खाली बीडीडी चाळींच्या नव्या मनोऱ्यांचे छायाचित्र दिले आहे. तो प्रकल्प राज्य सरकारचा आणि राबवते म्हाडा. त्यात नगरसेवकाचा वाटा किती, हे पत्रक छापणाऱ्यालाही ठाऊक असावे.

म्हणून आधी अधिकारक्षेत्राची चाळणी लावली. उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) खासगी इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आणि झोपडपट्ट्यांच्या योजना झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे असतात. झोपडीधारकांच्या पात्रतेच्या 2000 आणि 2011 या तारखाही राज्य सरकारनेच ठरवल्या, त्यामुळे ‘पात्रतेची तारीख पुढे नेऊ’ म्हणणारा उमेदवार हातात नसलेली गोष्ट देऊ करतो आहे. तरीही जे उरते ते थोडेथोडके नाही. आमच्यासारख्या पालिकेच्या चाळींच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव आणि आरक्षित भूखंड ताब्यात घेण्याचे विषय नगरसेवकांच्या सुधार समितीपुढे येतात. धोकादायक इमारतीला 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम 354 खाली नोटीस देणे हे प्रशासनाचे काम असले, तरी सी-1 म्हणजे अतिधोकादायक वर्गातील इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद झाली की नाही, याचा पाठपुरावा जागरूक नगरसेवक नक्कीच करू शकतो.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या प्रभागातील एक उमेदवार माजी नगरसेवक आहेत. सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपून प्रशासक आले, त्यामुळे त्यानंतरच्या निर्णयांचे श्रेय किंवा दोष त्यांच्या पदरात टाकता येत नाही. पाहायचे ते त्याआधीच्या पाच वर्षांचे काम. त्या काळातील सुधार समितीची इतिवृत्ते पालिकेच्या चिटणीस खात्यात जाऊन प्रत्यक्ष पाहू देतात का, की माहितीच्या अधिकारातच अर्ज करावा लागतो? त्या अर्जाच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि तोवर मतदान उरकलेले असेल.

दुसरे उमेदवार नवखे आहेत, म्हणजे त्यांच्याबाबत शपथपत्राखेरीज हाताशी काहीच नाही. बांधकाम व्यवसायातील भागीदारी त्यात दिसली, तर तिला किती महत्त्व द्यावे? केवळ तेवढ्यावरून माणूस बाद करणे मला अन्यायाचे वाटते, पण चाळीत याच मुद्द्यावर दोन तट पडले आहेत.

दोघांनाही चाळीच्या बैठकीला बोलावले आहे. परिशिष्ट-2 मधून, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीतून, नाव गळालेल्या भाडेकरूसाठी नेमके काय कराल आणि विकासकाने संक्रमण काळातील भाडे थकवले तर हा विषय कोणत्या समितीत, कशा स्वरूपात मांडाल, हे दोन प्रश्न मी काढले आहेत. ज्यांच्या चाळीचा पुनर्विकास पालिकेच्या जागेवर झाला आहे किंवा अडला आहे, त्यांनी आणखी कोणते प्रश्न विचारावेत ते कृपया सुचवावे.