मदत हवी आहे : हेडलॅम्पचा एलईडी इंजिन बंद असताना मंदावतो, डीआरएल (दिवसा लागणारा मंद दिवा) फडफडतो

१२ व्होल्टच्या गाडीसाठी हेडलॅम्पचं एलईडी मॉड्यूल बांधतोय. त्याच एलईडींनी १ अँपिअरवर लो बीम आणि दिवसा १० टक्क्यांवर डीआरएल द्यायचा आहे.

चार पांढरे एलईडी सिरीजमध्ये (१ अँपिअरला प्रत्येकी ३.१ व्होल्ट), ४०० किलोहर्ट्झचा बक ड्रायव्हर (व्होल्टेज उतरवून एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट), आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डीआरएलसाठी ड्रायव्हरच्या सप्लायमधला मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) २०० हर्ट्झ पीडब्ल्यूएमने (उजेड कमी करण्यासाठी झपाट्याने दिलेल्या पल्सनी) चालू-बंद होतो.

इंजिन चालू असताना लो बीम उत्तम. बंद केलं की मंदावतो, सेल्फ मारताना विझतो. डीआरएल कायम फडफडतो, ड्यूटी (चक्रातला चालू वेळ) ३० टक्के केली तरी. सेन्स रेझिस्टर (ड्रायव्हर ज्यावरून करंट मोजतो तो) बदलून पाहिला, फरक नाही.

प्रतिसाद १

हे दोन वेगळे दोष आहेत, सेन्स रेझिस्टरचा संबंध नाही.

चार एलईडींना १२.४ व्होल्ट लागतात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ च्या आसपास, त्यात वायरिंग आणि मॉस्फेटमध्ये थोडे जातात. बक फक्त व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे करंट पडणारच. इथे व्होल्टेज चढवू आणि उतरवूही शकणारा सेपिक किंवा बक-बूस्टच हवा. इंडक्टर (ड्रायव्हरमधली कॉइल) मात्र जुनाच ठेवू नका. बॅटरी ९ व्होल्टवर आली आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर इनपुट करंट १.६ अँपिअर होतो. बक-बूस्टच्या इंडक्टरमधून सरासरी २.६ आणि रिपलसकट (करंटच्या चढउतारासकट) ३ अँपिअर जातात. सॅच्युरेशन रेटिंग (ज्या करंटपर्यंत इंडक्टर नीट काम करतो) ४ अँपिअरच्या खाली नको.

आता फडफड. २०० हर्ट्झला एक चक्र ५ मिलिसेकंदांचं, त्याचे १० टक्के म्हणजे अर्धा मिलिसेकंद. सप्लाय तोडला की ड्रायव्हर दर वेळी सॉफ्ट-स्टार्टपासून (करंट हळूहळू चढवण्यापासून) सुरुवात करतो आणि त्यालाच काही मिलिसेकंद लागतात. ३० टक्क्यांचे दीड मिलिसेकंदही पुरत नाहीत. सप्लाय कायम चालू ठेवा, पीडब्ल्यूएम ड्रायव्हरच्या डिमिंग पिनला द्या. अर्ध्या मिलिसेकंदात स्विचिंगची २०० चक्रं बसतात, तेवढी पुरेशी आहेत.

१०० मायक्रोफॅरडही काढा. त्यात साठलेला चार्ज पल्स संपल्यावरही एलईडीत जात राहतो आणि १० टक्के खरे १० राहत नाहीत. १० मायक्रोफॅरड सिरॅमिक लावा, २५ व्होल्टचा नको, ५० चा घ्या. डीसी व्होल्टेज चढलं की सिरॅमिकची कपॅसिटी घटते.

धागाकर्ता

एक एलईडी कमी करून बकच ठेवला तर?

प्रतिसाद १

९.३ व्होल्टला बक चालेल, सेल्फ मारतानाची डुबकी तेवढी राहील. ती फारशी मनावर घेऊ नका. अनेक गाड्यांत त्या क्षणी हेडलॅम्प मुद्दामच तोडलेला असतो. खरी अडचण ऑप्टिक्सची. रिफ्लेक्टर चार एलईडींच्या जागा धरून बनवलेला असेल, तर एक काढल्यावर बीममध्ये काळा पट्टा पडतो, आणि तो नेमका कट-ऑफजवळ (बीमच्या वरच्या कडेजवळ) आला तर रस्ताच दिसत नाही.

प्रतिसाद २

बक-बूस्टला जाताय तर ओव्हरव्होल्टेज संरक्षण विसरू नका. एलईडीचा कनेक्टर सैल झाला की करंट मिळवण्याच्या नादात आउटपुट चढत जातं आणि कपॅसिटर फुटतो. मर्यादा १६ व्होल्टच्या आसपास ठेवा. इनपुटला टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके अडवणारा) हवाच, ड्रायव्हर निदान ४० व्होल्टचा.

एलईडीच्या प्लेटवर १० किलोओहमचा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स घटणारा सेन्सर) चिकटवा. बीटा (रेझिस्टन्स तापमानाबरोबर किती घटतो त्याचा आकडा) ३९५० असेल तर ८५ अंशांना तो साधारण १.१ किलोओहम दाखवतो. तिथून करंट हळूहळू उतरवा, एकदम बंद करू नका. रात्री वळणावर दिवा मंद झालेला चालतो, विझलेला चालत नाही.